रोहिणीचे ऊन, व्याधाचे ऊन

२०२५ च्या जूनअखेरीस फ्रान्समधल्या ल्यों शहरातला पारा छत्तीसच्या पुढे गेला, तेव्हा मी चंद्रपूरला आईला फोन करून इथे किती उकडते आहे याचे रडगाणे सुरू केले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “छत्तीस म्हणजे आपल्याकडचं होळीचं ऊन. त्याला काय भ्यायचं?” तिचे म्हणणे खोटे नव्हते, फक्त तिने माझे घर पाहिलेले नाही. ते सहाव्या मजल्यावर, थेट छपराखाली आहे. छताला पंखा नाही आणि लावायचा म्हटला तर हूकही नाही. दगडी भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते खोलीत सोडत राहतात. ज्या रात्री पारा वीस अंशांच्या खाली उतरत नाही, तिला फ्रान्समध्ये ‘उष्णकटिबंधीय रात्र’ म्हणतात. मे महिन्यात गच्चीवर पाणी शिंपडून, तिथेच गाद्या टाकून तीस अंशांत झोपलेल्या मला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आले होते. त्या वर्षीचा ऑगस्ट सरेपर्यंत ते मावळले.

आईला केलेल्या त्या फोनच्या महिनाभर आधी, नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस तोंडावर आलेले असताना, आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठा वाद झाला होता. धाकट्या भावाने आईच्या खोलीत एसी बसवायचे ठरवले आणि पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मुलीने त्याला कडाडून विरोध केला. ही माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. हवामानबदलाच्या बातम्या वाचून तिला खरोखरच झोप लागत नाही, आणि ‘अशा जगात मुले कशाला जन्माला घालायची’ हे वाक्य ती अर्धवट थट्टेत, पण वारंवार बोलते. आजीने इतकी वर्षे कूलरवर काढली, मग आताच एसी कशाला. आपली खोली गार करून बाहेर गरम हवा सोडायची, हा कुठला न्याय, असे तिचे म्हणणे होते. शेवटी तिने मला साक्षीला ओढले: “आत्या, तू फ्रान्समध्ये एसीशिवाय राहतेस ना? सांग ना बाबाला.” क्षणभर मला बरे वाटले. मात्र खरे कारण तत्त्वाचे नव्हते. आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा लावायचा तर सर्व घरमालकांच्या सभेची मंजुरी लागते, आणि ती सभा असल्या डब्यांना सरसकट नकार देते. नियमामुळे घडलेल्या सात्त्विकपणाचे श्रेय घेणे मला जमले नाही, म्हणून मी दोन दिवस उत्तरच दिले नाही.

इथे उष्णतेच्या लाटेला ‘कानिक्यूल’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या कुत्रीवरून आला आहे, कारण ज्या ताऱ्याला आपण व्याध म्हणतो, तो रोमनांच्या लेखी आकाशातली कुत्री होता आणि भर उन्हाळ्यात तो सूर्याबरोबर उगवू लागे. आपला नवतपाही नक्षत्रावरच बेतलेला आहे: २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस विदर्भ भाजून निघतो. उन्हाळ्याला ठरलेली तारीख असते, तो येतो आणि जातो, हा विश्वास या दोन्ही शब्दांमागे आहे. माझ्या भाचीच्या पिढीचा नेमका हाच विश्वास तुटला आहे आणि तिची भीती मला त्या अर्थाने वावगी वाटत नाही. प्रश्न त्या भीतीचे करायचे काय, एवढाच आहे.

फ्रान्समध्ये २०२५ च्या त्या लाटेत हजाराहून अधिक शाळा पूर्णतः किंवा अंशतः बंद ठेवाव्या लागल्या, कारण इथले शालेय वर्ष जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते आणि वर्गांत ना पंखे असतात ना एसी. त्याच आठवड्यात अतिउजव्या पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन यांनी देशभर एसी बसवण्याच्या मोठ्या योजनेची मागणी केली, हरित पक्षाने तिची खिल्ली उडवली, आणि एसी ही एकदम उजव्या-डाव्या राजकारणाची निशाणी होऊन बसली. माझ्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एसी हवा म्हणणाऱ्याकडे बाकीचे अशा नजरेने पाहत होते, ज्या नजरेने आपल्याकडे एकादशीला अंडे खाणाऱ्याकडे पाहिले जाते. झाडे लावा, भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर द्या, खिडक्यांच्या झडपा दिवसा बंद ठेवा, हे त्यांचे उपाय योग्यच होते. झडपांचे तर माझी आई आयुष्यभर तेच करत आली आहे. सकाळी नऊला खिडक्या बंद, पडदे ओले, आणि दिवेलागणीनंतर सगळे सताड उघडे.

पण पाप-पुण्याची भाषा सुरू झाली की आकडेमोड थांबते, म्हणून मी त्या दोन दिवसांत कागद-पेन घेऊन बसले. दीड टनाचा बऱ्या प्रतीचा इन्व्हर्टर एसी ताशी ढोबळमानाने एक युनिट वीज खातो. आईने तो रोज आठ तास, तीन महिने चालवला तर सुमारे ७२० युनिट होतात. भारतात बहुतांश वीज कोळशावर होत असल्याने एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे अख्ख्या उन्हाळ्याचा हिशेब पाचशे किलोच्या आसपास. फ्रान्समध्ये दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेची असल्यामुळे हाच आकडा युनिटमागे पन्नास ग्रॅमच्याही खाली असतो, आणि ल्योंच्या छोट्या उन्हाळ्यात मी तीनशे युनिट जरी जाळले तरी पंधरा किलोच्या पुढे मजल जात नाही. एसीतून गळणारा वायू आणि बाहेर फेकलेली गरम हवा हे आक्षेप खरे आहेत आणि ते उरतातच. दाटीच्या गल्लीत रात्र त्यामुळे आणखी तापते. मात्र त्याच कागदावर मी माझे दरवर्षीचे विमानाचे तिकीटही मांडले. ल्योंहून मुंबईला जाऊन परत यायचे तर माझ्या वाट्याला सुमारे एक टन येतो. आईला भेटायला जाण्यात मी तिच्या दोन उन्हाळ्यांच्या एसीइतका धूर सोडते, आणि आमच्या ग्रुपवर आजवर एकानेही ‘आत्याने यंदा येऊ नये’ असे म्हटलेले नाही.

भाचीला हे सांगण्याआधी मला तिला २००३ सालची गोष्ट सांगायची होती, कारण इथे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. त्या वर्षी १ ते २० ऑगस्टच्या दरम्यान फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे उष्णतेने मेली. बहुतेक वृद्ध होते आणि त्यांतले बरेच एकटे राहणारे होते. ऑगस्टमध्ये सगळा देश सुट्टीवर जातो. मुले-सुना समुद्रकिनारी होत्या, फॅमिली डॉक्टर रजेवर होते, शेजारची दारे बंद होती. प्रेते ठेवायला जागा नाही म्हणून पॅरिसजवळच्या रुंजिसच्या घाऊक बाजारातले शीतगृह वापरावे लागले. ३ सप्टेंबरला, न्यायला कोणीच न आलेल्या ५७ जणांना तिए येथील स्मशानभूमीत पुरण्यात आले आणि त्या वेळी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः हजर होते. त्या उन्हाळ्याबद्दल इथे बोलताना लोक एसीचा विषय क्वचितच काढतात. कोण कुणाला फोन करायचे विसरले, हे सांगतात.

पुढच्या वर्षी कायदा झाला, पाठोपाठ नियमही आले. प्रत्येक नगरपालिकेने वृद्धांची आणि अपंगांची नोंदवही ठेवायची, लाट आली की त्यांना फोन करायचा, वृद्धाश्रमात निदान एक खोली गार ठेवायची. आणि या खर्चासाठी नोकरदारांनी वर्षातला एक दिवस बिनपगारी काम करायचे. त्या दिवसाबद्दल लोक आजही कुरकुरतात. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. मी त्यांचे नाव त्या वहीत घालावे म्हणून अर्ज भरायला मदत केली, तेव्हा त्या रागावल्या होत्या. त्यांना ‘म्हाताऱ्यांच्या यादीत’ जायचे नव्हते. आता पालिकेचा फोन आला की त्या फोन करणाऱ्या मुलीशी दहा मिनिटे गप्पा मारतात आणि मग मला ‘आज पुन्हा पाणी प्यायला सांगत होती’ अशी तक्रार करतात.

आपल्याकडे यातले काहीच नाही असे नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेवर अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले आणि त्यातून २०१३ साली तिथे उष्णता कृती आराखडा आला. पुढे नागपूरनेही तसा केला. तरीही आपल्या घराघरांतल्या चर्चेचा सूर एसी किती अंशांवर ठेवावा याभोवती फिरतो. २०२० पासून भारतात विकला जाणारा प्रत्येक नवा एसी सुरू केला की २४ वर लागतो. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० ते २८ या मर्यादेतच चालावेत असा नियम करण्याची घोषणा केली आणि आमच्या ग्रुपवर आठवडाभर तोच विषय पुरला. हा नियम वाईट नाही. पण ज्याच्या घरात एसी आहे त्याच्याशीच तो बोलतो.

चंद्रपूरकराला याचा दुसरा पदर आपोआप दिसतो. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र, २९२० मेगावॅटचे, आमच्याच गावाला लागून आहे, आणि देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत आमचेच नाव दर मे महिन्यात झळकते. तिथून निघालेली एक उच्चदाब वाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर धावून मुंबईजवळच्या पडघ्याला पोहोचते. म्हणजे राख आमच्या पाण्याच्या टाकीवर आणि गारवा पडघ्याच्या पलीकडे, असे आम्ही लहानपणी म्हणायचो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, फार नाही. २०१० च्या उन्हाळ्यात या केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाने तळ गाठला आणि त्याचे संच बंद करावे लागले. २०२५ च्या त्याच जून महिन्याच्या अखेरीस फ्रान्समध्ये गारोन नदीचे पाणी इतके तापले की गोल्फेश येथील अणुभट्टी थांबवावी लागली, कारण नदीत आणखी उष्ण पाणी सोडणे नियमात बसत नव्हते. कोळसा असो की अणू, वीज करायला थंड पाणी लागते आणि ज्या दिवशी विजेची सर्वाधिक गरज तोच दिवस त्या पाण्याला वैरी असतो, हे दोन्ही देशांत राहिल्यामुळे मला एकदम कळले.

मला भाचीला सांगायचे होते ते असे. तुझी काळजी खरी आहे, पण तिचे ओझे तू चुकीच्या खांद्यावर ठेवते आहेस. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने रात्री किती अंशांत झोपावे हा पर्यावरणाचा पहिला प्रश्न होऊ शकत नाही. कूलर तिला मेअखेरपर्यंत पुरतो, मात्र पावसाच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की तो नुसता चिकचिक करतो, आणि त्याला रोज दहा-बारा बादल्या पाणी कोण घालणार? त्यापेक्षा दुपारी बारा ते चार आपल्यासाठी कोण कोण उन्हात चालते, हे मोज. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यानंतर चौदा माणसे दगावली. त्यानंतर राज्याने दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असा आदेश काढला. जे आपल्या बापजाद्यांना माहीत होते, ते शासन निर्णयाने सांगावे लागले. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया आजही पहाटे चारला जंगलात शिरतात, वाघाचे भय पत्करून, कारण दहानंतर ते ऊन माणसाचे उरत नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२५ पासून मालकाला लाटेच्या काळात कामाच्या वेळा बदलणे आणि नळ नसेल तिथे प्रत्येक कामगाराला दिवसाला निदान तीन लिटर पाणी देणे बंधनकारक झाले आहे. आपल्या पाणपोयांच्या देशात हे पाणी अजून पुण्यकर्माच्या खात्यावर जमा होते.

यातले तेव्हा ठाऊक होते ते सगळे मी लिहून पाठवले. त्यावर भाचीने अंगठ्याचे चिन्ह टाकले, जे तिच्या पिढीत नाराजीचे असते असे मला नंतर कळले. चार दिवसांनी मात्र तिने आजीला फोन करून भांड्यांना येणाऱ्या मावशींची वेळ विचारली. ती दुपारी दोनची होती. आमच्या घरात तीस वर्षे ती दोनचीच होती, कारण जेवणे दीडला उरकतात. इतक्या वर्षांत मी, माझा भाऊ, आई, कुणालाच ती खटकली नव्हती. आता मावशी सकाळी सातला येतात आणि आई रात्रीची भांडी सकाळपर्यंत ठेवायला नाखुशीने तयार झाली आहे. एसीही बसला. आई तो २७ वर ठेवते, जोडीला छताचा पंखा लावते, आणि पहाटे तीनला बंद करते. त्यात तिचे पर्यावरण कमी आणि वीजबिल जास्त आहे.

गेल्या रविवारी मी तिला विचारले, मग मावशी आता दुपारभर काय करतात. त्यांच्या घरावर पत्रे आहेत, मी लहानपणी तिथे गेले आहे. आई म्हणाली, “घरात कुठं बसवतं? शाळेमागच्या कडुलिंबाखाली बसते म्हणे, पाचपर्यंत.”