फोनमधली पाणसळ आणि गवंड्याची नळी

टॉर्च, गजर, स्टॉपवॉच, खिशातली डायरी, छोटा कॅमेरा हे सगळं फोनने गिळलं. त्याबद्दल गळे काढायचं कारण नाही, ती कामं फोन उत्तम करतो. माझी तक्रार आहे ती मोजायच्या आणि हिशेबाच्या साधनांबद्दल. जुन्या साधनाच्या अंगावरच त्याची मर्यादा लिहिलेली असायची. टेपवर मिलिमीटरच्या खाली रेघ नाही, पाणसळीचा (म्हणजे स्पिरिट लेव्हलचा) बुडबुडा रेघेपाशी थरथरतो, गुणाकार-भागाकारासाठीचं छापील लॉग टेबल चार आकडे देऊन गप्प बसतं. फोन 'शून्य अंश' म्हणतो तेव्हा तो किती चुकतोय हे कुठेच दिसत नाही.

आधी कॅल्क्युलेटर घ्या. वाशीचं एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार असो की ठाणे स्टेशनजवळचं होलसेल दुकान, गल्ल्यावर फोन असतो आणि शेजारी बारा आकडी टेबल कॅल्क्युलेटरही असतो. दुकानदार जुन्या वळणाचा म्हणून तो तिथे आहे असं समजू नका. दोघांचं गणित वेगळं चालतं. 250 चा एक डबा आणि 180 चे तीन, म्हणून 250 + 180 × 3 असं दाबा. फोन म्हणेल 790. टेबलावरचा म्हणेल 1290, कारण तो बटणं जशी येतील तशी उरकतो: आधी 430, मग गुणिले तीन. बिघाड कुणातच नाही. टेबलवाल्यावर बरोबर रीत अशी: 250 M+ (आकडा आत साठवा), मग 180 × 3 M+, शेवटी MRC (साठवलेली बेरीज दाखव). ज्याचा हात एकावर बसलाय आणि जो घाईत दुसरा उचलतो, त्याचं बिल चुकतं.

टक्क्याच्या बटणावर तर आणखी गोंधळ. जीएसटी धरून 1180 रुपये, दर 18 टक्के, मूळ किंमत किती? बहुतेक लोक फोनवर 1180 − 18% दाबतात आणि 967.60 लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. 1180 ला 1.18 ने भागा, 1000 येतात. कर मूळ रकमेवर लागलेला असतो, एकूण रकमेवर नाही. उलटा प्रकार नफ्याचा. 2000 च्या मालावर विक्रीकिमतीच्या 20 टक्के नफा हवा असेल तर भाव 2400 नाही, 2500. टेबल कॅल्क्युलेटरवरचं MU (मार्क-अप) बटण नेमकं याचसाठी आहे. फोनमध्ये ते नसतं, तिथे 2000 भागिले 0.8 करायचं हे तुम्हालाच माहीत असावं लागतं.

मग GT, म्हणजे ग्रँड टोटलचं बटण. तीन गोण्या, भाव किलोला 22: 48.5 × 22 =, 51.2 × 22 =, 49.8 × 22 =, आणि GT दाबलं की 3289. प्रत्येक बरोबरचं उत्तर आत साठत जातं. धोका एकच, आधीच्या गिऱ्हाइकाची बेरीज पुसायची राहिली तर ती पुढच्याच्या माथी बसते. पण कोपऱ्यात GT ही अक्षरं दिसत राहतात, म्हणजे साधन स्वतःच सावध करतं. शिवाय 5 च्या बटणावर उंचवटा असतो, नजर पावतीवर ठेवून बोटं चालतात. काचेवर ते जमत नाही. त्यात फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये 7-8-9 वरच्या ओळीत आणि नंबर फिरवायच्या कीपॅडवर 1-2-3 वर. दिवसभर एकाच बोटाने दोन्ही वापरल्यावर काय होणार?

फोनचं एक मान्य करायला हवं. दाबलेली सगळी ओळ समोर दिसते, त्यामुळे चूक शोधता येते. मोठ्या हिशेबात हे फार मोलाचं आहे.

स्लाइड रूलचं, म्हणजे सरकत्या पट्टीवर गुणाकार-भागाकार करायच्या साधनाचं, नाव आता कुणी काढत नाही. जॉन नेपियर या गणितज्ञाने 1614 साली लॉगॅरिथम (गुणाकाराची बेरीज करून देणारे आकडे) छापले, त्यावर ही पट्टी उभी राहिली, आणि 1972 मध्ये एचपी-35 हा 395 डॉलरचा खिशातला कॅल्क्युलेटर आल्यावर काही वर्षांत ती संपली. पट्टी साधारण तीन आकडे द्यायची आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते तुमच्या डोक्यावर सोडायची. म्हणजे उत्तर शेकड्यात की हजारात हे आधी ठरवावंच लागे. लॉग टेबलातही पूर्णांकाचा भाग आपणच काढायचा असतो. फोनवर एक शून्य जास्त पडलं तरी उत्तर तितक्याच रुबाबात येतं.

आता पाणसळ, कारण इथे पैसे बुडतात. घराचं काम काढलेले लोक नव्या लादीवर फोन ठेवून गवंड्याशी वाद घालतात. बाथरूमचा ढाळ साधारण 80 ला 1 ते 100 ला 1 ठेवतात, म्हणजे 0.72 ते 0.57 अंश. अनेक फोनमधली पाणसळ पूर्ण अंशच दाखवते. सहा फूट लांबीत 80 ला 1 म्हणजे सुमारे 23 मिलिमीटर उतार हवा. फोनचा '1 अंश' मात्र 16 मिलिमीटरपासून 47 पर्यंत कशालाही लागू होतो, आणि 15 च्या आतलं सगळं त्याला सपाट. पाणी जाळीकडे जाणार की दाराकडे, हे त्याला कळूच शकत नाही.

त्यात फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याचा उंचवटा आडवा येतो. लांब कडेवर उभा धरा, कव्हर काढून. मग जागा न बदलता टोकाला टोक उलटं करून पुन्हा बघा. दोन आकड्यांतल्या फरकाचा अर्धा भाग ही फोनची स्वतःची चूक. पाणसळ विकत घेतानाही दुकानात हेच करून पाहावं.

खोलीभर लेव्हल न्यायची तर गवंड्याची पारदर्शक नळी घ्या, तिच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर येतं. पाणी भरताना बुडबुडे राहू देऊ नका. आधी दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेघेत आलं नाही तर आत हवा अडकली आहे. चालताना टोकांवर अंगठा, वाचताना दोन्ही टोकं उघडी. एक टोक बंद राहिलं तर पाणी खोटं बोलतं. मोठ्या साइटवर आता लेझर असतो. पण एका फ्लॅटसाठी नळीइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही.

होकायंत्राचं वेड ठाण्याच्या घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला येणाऱ्यांना विचारा. सेफ्टी डोअरला टेकून, तळहातावर फोन धरून मुख्य दाराची दिशा काढतात. दार लोखंडी, भिंतीत सळया, शेजारी लिफ्ट, वर फोनच्या कव्हरला चुंबकाचं झाकण. काटा पंधरा-वीस अंश सहज फिरतो आणि पूर्वेचं आग्नेय होतं. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, लोखंडापासून पाच-सहा फूट दूर जाऊन तीन वेगवेगळ्या जागी वाचा. आकडे जुळले नाहीत तर तिन्ही सोडून द्या. त्यापेक्षा सॅटेलाइट नकाशात उत्तर वर ठेवून इमारतीची कड बघा. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाच्याही आत आहे, त्या सेटिंगची चिंता नको. काही स्वस्त फोनांत चुंबकीय सेन्सरच नसतो, तिथे दिशेच्या ॲपवर विसंबणं व्यर्थ. वास्तू मानायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण मानायचीच तर निदान दिशा तरी खरी घ्या.

राहिला टेप. कॅमेऱ्याने अंतर मोजणारी ॲप सोफा मावेल का एवढं सांगतात. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला पकडायला खूण मिळत नाही आणि माप घसरतं. कपाटाच्या कोनाड्यात एक सेंटिमीटर चुकला की शटर घासणार. कोनाडा वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी टेपने मोजा आणि सगळ्यात लहान माप सुताराला द्या, कारण आपल्या भिंती क्वचितच ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या, असतात. फोन तेव्हा फोटोसाठी वापरा: टेप भिंतीला लावलेली असताना, आकडा स्पष्ट दिसेल असा, प्रत्येक मापाचा वेगळा.