‘वंशातच खोट आहे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा मिळाल्याचं वाईट वाटलं, पण जास्त काळजी वाटते ती गाईची. आमच्याकडून नेलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवड व्याली, दूध सांगितल्याप्रमाणे देते, मात्र मार्च ते मे तीनदा भरूनही (रेतन करूनही) उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. म्हणून ‘वंशातच खोट आहे’ असं तुम्ही लिहिलंत. हे मला मान्य नाही.

दूध जसं रक्तातून उतरतं, तसं गाभण राहणं उतरत नाही. गाई-गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्सा तरी वंशाचा असतो. गाभण राहण्यात हा वाटा बहुधा 10 टक्क्यांच्याही खाली. बाकी सगळं गोठा, चारा, ऋतू आणि रेतनाची वेळ. वंशाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. होल्स्टीनमध्ये दूध वाढलं तशी गर्भधारणा मागे पडली, हे अनेक देशांत दिसलंय. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, खाणं तेवढं वाढत नाही, गाय अंगाने उतरते आणि माज लांबतो. म्हणून अशा गाईला खुराक आणि खनिज मिश्रण जास्त जपून द्यावं लागतं.

तुम्ही टाकलेल्या फोटोत बुटका पत्रा दिसतोय. त्याखाली एप्रिल-मेमध्ये एचएफ रक्ताची गाय धापा टाकणारच. उन्हाळ्यात माज कमी वेळ टिकतो, बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो, नाहीतर मुका असतो, म्हणजे बाहेरून लक्षणंच दिसत नाहीत. भरायची वेळ तिथेच चुकते. वेळेवर भरली तरी पहिल्या काही दिवसांचा गर्भ उष्णता सोसत नाही. बीजांडालाही झळ लागलेली असते, त्यामुळे पाऊस पडला की लगेच फरक दिसेल असं नाही.

पत्र्यावर पाचट टाका, दुपारी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) आणि पंखा लावा. पहाटे आणि रात्री उशिरा माज बघा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. पण त्याआधी गर्भाशयाची तपासणी हवी, कारण आतला संसर्ग बाहेरून दिसेलच असं नाही. आमचे डॉक्टर येऊन तपासतील, त्याचे पैसे घेणार नाही.

विक्रीच्या कागदावर तिच्या बापाचा नंबर आहे. त्याच वळूच्या वीर्याची कांडी तिला भरू नका. आणि तिला बाजारात नेऊ नका, दादा. विकायचीच ठरली तर आधी मला फोन करा, मी परत घेईन.