खाड्यालाही जोडीदार लागतो

एकट्याने व्यायाम करू नका, धोका आहे. एकटा माणूस पहाटे उठून नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर पोहोचला, की चालण्यावाचून त्याला दुसरा इलाजच उरत नाही. जोडीदार असला की हे संकट बहुतेक वेळा घरीच टळतं.

जोडीदार मात्र पारखून घ्या. १९२०च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या रोइंग क्लबच्या गड्यांना जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीतला कच्चा गडी एकट्याने जितका टिकायचा, त्याहून जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडायला नको, ही लाज. दोघांच्या ताकदीत फरक बेताचा असेल, तर हा परिणाम सगळ्यात जास्त. म्हणजे तुमच्याहून थोडा सरस माणूस गाठलात, तर तुमचं काही खरं नाही! तेव्हा थोडा आळशीच बघा. अगदी अट्टल नको, तो मुळात हो म्हणणार नाही. ‘उद्यापासून नक्की’ हे दर वेळी मनापासून म्हणणारा हवा.

खरी कसोटी पहाटे सव्वापाचची. दोघंही जागे असतात, दोघंही पांघरुणात, दोघांच्याही हातात मोबाइल. ‘आज राहू दे का?’ हा मेसेज आधी कोण पाठवतो, यावर सगळं अवलंबून असतं. जो पाठवतो त्याच्या नावावर खाडा लागतो. दुसऱ्याला ‘मी तर बूट घालून बसलो होतो’ असं पांघरुणातून लिहिता येतं आणि दिवसभर मिरवता येतं. म्हणून पाळी ठरवून घ्या. एक दिवस त्याची पाठ, एक दिवस तुमचं पोट. आणि ‘टाइप करतोय’ असं दिसलं की थांबा. घाई करून आयतं पुण्य घालवू नका.

कारणांची नाशकात ददात नाही. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात झळकला की आपल्यालाही हुडहुडी भरते, निफाड कितीही लांब असो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठचं चालणं बंद. मग गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला जोडीने जायचं. तेवढीच पायपीट. (गाडी जरा लांब लावावी लागते, तीही धरा.)

चुकून मैदानावर पोहोचलातच, तर बोलत राहा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, असा मध्यम व्यायामाचा ठोकताळा आहे. लासलगावचा कांदा आणि सिंहस्थामुळे वाढलेले प्लॉटचे भाव या दोन विषयांवर जो वेग राहतो, त्यात ताना घेत गाताही येतं. हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. नंतरच्या चहाची मिनिटं धरली तर आपण बुधवारीच मोकळे.

कोणी महाजन बंधूंचं उदाहरण तोंडावर फेकेल. नाशिकच्या या दोन डॉक्टर भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत, दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. डगमगू नका. दोघांच्या संघात एक सायकल मारतो तेव्हा दुसऱ्याला विश्रांती घेता येते. पद्धत उत्तमच आहे. आपण फक्त विश्रांतीची पाळी दोघांची एकाच वेळी लावून घेतली आहे.

रविवारी पांडवलेणी ठरवा. ठरवाच, कारण तिथून मिसळीला जायचं असतं. पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर जोडीदाराने वर पाहावं, तुम्ही घड्याळाकडे. चोवीस लेणी दोन हजार वर्षांपासून तिथेच आहेत, आणखी एक रविवार थांबतील. मिसळीपुढे मात्र कोलरचा नियम बिनचूक लागू पडतो. समोरच्याने चौथा पाव मागवला की तुम्ही तिसऱ्यावर थांबूच शकत नाही. दुसऱ्याचं अडायला नको.

एक काळजी घ्या. जोडीदार अचानक सुधारू शकतो. त्याने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, पापड परत केला किंवा ‘एक राउंड पळू या का’ असं विचारलं, की वेळीच सावध व्हा. आधी गुडघ्यांची भीती घाला. तरी बधला नाही, तर भांडू नका. प्रेमाने तिसरा भिडू घ्या, जमल्यास शिफ्टमध्ये काम करणारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत असे पुष्कळ मिळतील. तिघांना जमेल अशी सकाळ ठरेपर्यंत हा सिंहस्थ उरकून पुढचा लागतो.