आमच्या घरातलं नवं सोवळं

आमच्याकडे स्वयंपाकघरात सध्या दोन तवे, दोन पोळपाट, दोन चाळण्या आणि दोन मिसळणाचे डबे आहेत. सासूबाई एकच आहेत पण त्या सगळ्यांना पुरून उरतात.

हे सगळं धाकटीमुळे. तिला सिलिॲक डिसीज आहे. म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांत जे ग्लुटेन असतं ते पोटात गेलं की तिची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते, तिथली अन्न शोषून घेणारी बारीक लव सपाट होते आणि मग खाल्लेलं काही अंगाला लागत नाही. राय आपल्याकडे कोण खातंय, जव पूजेच्या सामानात नाहीतर सातूच्या पिठात भेटणार, त्यामुळे ही लढाई आहे ती गव्हाशीच. आणि गहू म्हणजे पोळी, शिरा, शेवया, बिस्किट, पाव, खारी, टोस्ट, शंकरपाळे, कुरडई, केक, पाणीपुरीची पुरी. थोडक्यात लहान पोराला गप्प बसवायला आपण जे जे हातात देतो ते सगळं.

डॉक्टरांनी निदान करायच्या आधी बाकी सगळ्यांनी करून झालं होतं. पोरीचं पोट टम्म फुगलेलं, हातपायाच्या काड्या, वजन जागचं हलत नाही, सारखी किरकिर. दात येतायत. जंत झालेत. दृष्ट लागलीये. तू पण लहानपणी अशीच होतीस (ही माझी आई). मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, जंताचं औषध झालं, डाळिंबाचा रस झाला. मग एका शहाण्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी नावाची टेस्ट केली, ती जोरात पॉझिटिव्ह आली, आणि ते म्हणाले आता एंडोस्कोपी करून आतड्याचा बारीक तुकडा तपासू, पण तोपर्यंत गहू बंद करायचा नाही हं, नाहीतर टेस्टमध्ये काही दिसणारच नाही. सासूबाई डॉक्टरांकडे बघतच राहिल्या. "म्हणजे बाधतंय म्हणता, आणि खायला पण घाला म्हणता?" तेवढे दिवस त्यांनी पोळी भरवताना प्रत्येक घासाला रामाचं नाव घेतलं.

नंतर पक्कं झालं. गहू बंद, आयुष्यभर, औषध नाही, पथ्य हेच औषध. डॉक्टरांना हे सांगायला एखादं मिनिट लागलं असेल.

सुरुवातीला खरं सांगते, आम्ही जरा हुरळलोच. सासूबाई वाईच्या, घरात भाकरीचं राज्य, तांदूळ आहे, नाचणी आहे, बाजरी आहे, उकडीचे मोदक, आंबोळ्या, घावन, धिरडी, पोहे, वरून उपासाचं अख्खं खातं, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, यात गहू कुठेय? त्यात 2023 साल तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालेलं, सरकारने ज्वारी-बाजरीला श्रीअन्न केलेलं, म्हणजे आम्ही फॅशनमध्येच होतो की. नवरा म्हणाला, काही अवघड नाही, आपली आजी काय खायची तेच खायचं. (हे वाक्य बोलणारा माणूस भाकरी थापत नाही हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.)

पहिला दगा दिला हिंगाने. अस्सल हिंग म्हणजे झाडाचा चीक, अफगाणिस्तान-इराणकडून येणारा, आणि तो इतका उग्र की नुसता वापरताच येत नाही. म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून आपल्या डबीतला तो रोजचा पिवळा हिंग तयार होतो. पीठ कसलं? बऱ्याचदा गव्हाचं. डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं मी हिंग घेतेय, त्याला मागची बाजू असते हेच मला माहीत नव्हतं. आणि मराठी घरात हिंग कशात नाही ते सांगा. वरणात, आमटीत, भाजीत, पोह्यात, लोणच्यात, ताकात, पोट दुखलं तर पोटावर. मग तांदळाच्या पिठातला हिंग शोधणं आलं, मग मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो हे आठवलं, मग थालीपिठाच्या भाजणीत, मग सोया सॉसमध्ये. आता आम्ही दुकानात चश्मा लावून पाकिटं उलटी वाचत उभे असतो. थोरला नुकताच इंग्रजी वाचायला शिकलाय, त्याला शाळेच्या पुस्तकातला हत्ती ओळखता येत नव्हता तेव्हा व्हीट आणि बार्ली स्पेलिंगसकट येत होतं.

पण हिंग परवडला, गिरणी नको.

आमची गिरणी म्हणजे पिढीजात. काकांच्या भुवया, मिशी, रेडिओ आणि भिंतीवरचा गणपती सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. मी त्यांना समजावलं की काका, ज्वारी अशी दळून द्या की त्यात गव्हाचा कण नको. ते म्हणाले वहिनी, काळजीच नको, ज्वारीवरच ज्वारी टाकतो. हे ते गव्हाच्या पिठाच्या ढगात उभं राहून म्हणत होते. मी सांगितलं, नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोला 20 मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन पाहिजे. काकांनी तराजूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फार प्रेमाने म्हणाले, "वहिनी, तेवढं तर माझ्या मिशीत असतं."

म्हणून घरघंटी आली. ती हॉलमध्ये असते कारण स्वयंपाकघरात जागा नाही, आणि ती सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे काका टीव्ही बंद करून वर बघतात. बरं, घरी दळलं म्हणून संपलं नाही. वाण्याकडच्या ज्वारीतच गव्हाचे दाणे असतात. म्हणजे ताटात घेऊन निवडणं आलं. हे काम मी मोठ्या हुशारीने पोरांना लावलं, गव्हाचा एक दाणा शोधला की एक रुपया. धाकटी पोलीस झाली, थोरला डिटेक्टिव्ह, आणि दोन रविवार घरात अशी शांतता की बस. तिसऱ्या रविवारी थोरल्याची कमाई एकदम वाढली. किलोभर ज्वारीत मूठभर गहू निघाला. मी वाण्याच्या नावाने बोटं मोडतेय तोवर सासूबाईंनी त्यातला एक दाणा उचलून उजेडात धरला, लांबट, लालसर, आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपला खपली आहे."

खपलीची गोष्ट मधेच सांगायला हवी. निदान झाल्यावर गावाकडच्या सगळ्या नातेवाइकांचे फोन आले आणि सगळ्यांचं एकमत होतं की हा त्रास हल्लीच्या गव्हाने होतो, आपल्या जुन्या खपलीने होतच नाही, त्यात ते ग्लुटेन का काय ते नसतंच. असतं. खपली पण गहूच, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं चालणार नाही. पण तोपर्यंत वाईहून एक पोतं निघालं होतं, धाकटीसाठी खास, प्रेमाने. ते आता आम्ही बाकीचे खातोय, खीर, लापशी, पुन्हा खीर. त्याच पोत्यातून चिरंजीव मूठभर दाणे आणून ज्वारीत पेरत होते आणि रुपयाला एक या भावाने मला परत विकत होते. त्याच्या बाबांना म्हटलं रागवा याला, तर ते म्हणाले पोराला धंद्याची अक्कल आहे, आणि घरघंटीचं पीठ झाडायला निघून गेले.

तर सोवळं. डॉक्टरांनी आणि मी सासूबाईंना परोपरीने समजावलं होतं की नुसतं खाणं वेगळं नको, भांडी पण वेगळी, पोळीच्या तव्यावर हिची भाकरी नको, कणकेचा हात हिच्या डब्याला नको, तळणीचं तेल वेगळं. त्या मान हलवायच्या आणि पोळीचाच चमचा तिच्या भातात घालायच्या. एक दिवस बोलता बोलता त्यांना एकदम उमगलं. "म्हणजे सोवळं गं! मग असं सांग की." संपलं. त्या दिवसापासून काम फत्ते. गंमत अशी की याच बाईंनी लग्नानंतर स्वतःच्या सासूच्या सोवळ्याला वैतागून म्हणे आजारपणाचं निमित्त करून माहेर गाठलं होतं, आम्हाला कौतुकाने सांगतात. आणि आता त्यांचा वरचा ओटा म्हणजे धाकटीचा ओटा, तिथे पोळी खाल्लेल्या हाताने कुणी फिरकायचं नाही, तिच्या भांड्यांना लाल खूण, आणि नवरा बिस्किट खात आत आला की दारातूनच आवाज, "लांब! लांब! ओवळा आहेस तू." माणूस बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात पार्लेजीपायी ओवळा झाला.

स्वयंपाक म्हणाल तर भाकरी जमते हो. गरम पाण्यात पीठ मळलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकटपणा येतो, ती थापली जाते. फक्त ती सकाळी सातला डब्यात भरली की साडेदहाच्या सुट्टीपर्यंत तिचं कौल होतं. मग तांदळाची उकड काढून करून बघितली, ती बरी. मग नवऱ्याने कुठूनतरी शोधून काढलं की पिठात इसबगोल घातलं की पोळीसारखी लाटता येते. खरंच येते! पण आता आमच्या ओट्यावर इसबगोलाचा मोठा डबा कायमचा उघड्यावर असतो आणि आलेगेले पाहुणे तो बघतात, मग नवऱ्याकडे बघतात, आणि आवाज खाली आणून विचारतात, बरं आहे ना आता?

केकबद्दल मी बोलणार नाही. तांदळाचं पीठ, बदामाचं पीठ, अंडी, महागडी पावडर, सगळं घालून झालं. थोरल्याने एवढंच विचारलं, हा खायचा आहे का बांधायचा?

मला स्वतःला चुटपुट लागते ती चिमणीची. पोळ्या चालू असताना ओट्याशी घुटमळणाऱ्या पोराला कणकेची गोळी द्यायची आणि त्याने तिची चिमणी करायची, मीही केली, थोरल्यानेही केली. हिला देता येत नाही, कारण ही चिमणी आधी तोंडात जाते. बाजारातलं रंगीत खेळायचं पीठ आणावं तर त्यातही गहू, प्ले-डोच्या डब्यावर तसं छापलेलंच आहे. ज्वारीच्या उकडीची चिमणी करायला घेतली तर चोच पडते, मान तडकते. शेवटी धाकटीनेच मार्ग काढला. ती कासव करते, मान आत ओढून घेतलेलं.

रात्री पोरं झोपली की मी फोनवर या आजाराचं वाचत बसते. गव्हाचा संबंध ओळखला विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी, 1950 साली त्यांचा प्रबंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्यांची ही आजारी मुलं त्या उपासमारीतही सुधारली. त्याच्या आधी अमेरिकेत सिडनी हास नावाचे डॉक्टर अशा पोरांना केळ्यांच्या पथ्यावर ठेवायचे, 1924 साली त्यांनी ते छापलं. पोरं बरी व्हायची, कारण त्या पथ्यात पाव नव्हता, आणि श्रेय मिळायचं केळ्याला. हे मी सासूबाईंना कशाला सांगायला गेले देव जाणे. "बघ, मी पहिल्यापासून शिकरण द्या म्हणत होते." आता घरात रोज केळी.

बाहेरच्या जगाचं विचारू नका. तिथे गव्हाला गहू म्हणतच नाहीत, प्रेम म्हणतात. "एवढ्याशाने काय होतंय." "साजूक तुपातला आहे." "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." आणि सगळ्यात कठीण ती शेजारच्या सत्यनारायणाची पूजा. प्रसादाचा शिरा रव्याचा, रवा गव्हाचा, आणि कथेत नुकतंच सगळ्यांनी ऐकलेलं की कलावती प्रसाद न घेता धावली आणि तिच्या नवऱ्याची नाव गडप झाली. अशा वेळी आमच्या धाकटीने भरल्या घरात हात मागे घेऊन खणखणीत सांगितलं, "मला प्रसाद नको. मला त्याने शी होते." गुरुजींचा हात हवेत थांबला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं प्रसाद कधी बाधतो का? मी नुसतीच कसनुसं हसत होते. सासूबाई उठल्या, पूजेतलं केळं घेतलं, तीर्थाची पळी घेतली, नातीला दिली आणि म्हणाल्या, "कलावतीने काहीच घेतलं नव्हतं. आम्ही घेतलंय. नावेचं आता तुम्ही बघा." पुढच्या वर्षी काकूंनी तांदळाच्या रव्याचा शिरा वेगळा केला, नव्या कढईत, आणि त्यात वेलचीबरोबर काही पडलंय का याची चौकशी करायला सासूबाई सकाळी सातलाच त्यांच्या ओट्याशी हजर.

या सगळ्यात दुःखी कोण असेल तर थोरला. डॉक्टर म्हणाले होते, सख्ख्या भावंडांची आणि आईबाबांची पण टेस्ट करून घ्या, जवळच्या नात्यात असू शकतं. आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं. त्याने तर सुई टोचताना हूं का चूं केलं नाही, कारण त्याच्या मनाशी पक्कं होतं की आता आपल्यालाही लाल खुणेचा डबा, आपल्यालाही वेगळी कढई, वाढदिवसाला आपल्याही नावाचा वेगळा खाऊ, आणि आजी आपल्यासाठीही लोकांशी भांडणार. रिपोर्ट आले. सगळे निगेटिव्ह. मी देवापुढे साखर ठेवली आणि वळून बघते तर हा सोफ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडतोय.

"निगेटिव्ह म्हणजे मी नापास ना?"

त्याला जवळ घेतलं, समजावलं, पोळी-तूप-साखर दिली, काही उपयोग नाही. शेवटी बाबांनी सांगितलं की अरे, डॉक्टर म्हणालेत काही वर्षांनी परत एकदा टेस्ट करू. तेव्हा कुठे त्याने नाक पुसलं. म्हणाला, सांगायचं ना आधी, या वेळी अभ्यास करून जातो.