टक्केवारीत न दिसणारी गोष्ट

एआयमुळे कोणते व्यवसाय जातील यावरच्या लेखात प्रत्येक व्यवसायापुढे तो जाण्याची टक्केवारी दिली आहे, पण ती नेमकी कशाची हे स्पष्ट व्हायला हवं होतं. २०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका असल्याचं म्हटलं. तंत्राला काय जमेल याचा तो अंदाज होता, किती जण घरी बसतील याचा नव्हे. २०१६ मध्ये एआयचे एक प्रणेते जेफ्री हिंटन यांनी तर नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणंच थांबवा, असं सांगितलं होतं. या डॉक्टरांची गरज आजही आहेच.

मी इंग्रजी-मराठी अनुवाद करते. आमच्याकडे 'काम बंद' असं कुणी सांगत नाही. मूळ मजकुरासोबत यंत्राने केलेला अनुवाद येतो, 'फक्त तपासून द्या' म्हणून, आणि शब्दामागचा दर निम्म्याहून कमी. गेल्या महिन्यात जमिनीच्या कागदपत्रात सातबाऱ्याचा चक्क 'अर्क' झाला होता! इंग्रजीत 'एक्स्ट्रॅक्ट' होतं ना. ज्याच्या घरात शेताच्या वाटणीची बोलणी झाली आहेत, त्याला 'उतारा' हा शब्द शोधावा लागत नाही. अशा चुका पकडायला एकेक वाक्य मुळाशी ताडून पाहावं लागतं. नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो.

मला जास्त काळजी नव्याने येणाऱ्यांची वाटते. मी माहितीपत्रकं, सूचनापुस्तिका अशा साध्या कामांवर हात बसवला. तीच कामं आधी यंत्राकडे गेली. मग दहा वर्षांनी तपासायला कोण असेल? पुढच्या भागात लेखकाने यावर जरूर लिहावं.