जाड तारली आणि इंजेक्शनची थाप

"पावसाळ्यानंतरची जाड तारली घेऊ नका, तिला हार्मोनचं इंजेक्शन देतात. खरी तारली चपटीच असते. शिजवताना तेल सुटलं तर ते केमिकल. फॉर्मलिनही असतं. पोट फुटलेली दिसली तर विष समजा." हा मेसेज आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने दारात आलेल्या कोळणीला पाटीसकट परत पाठवलं. म्हणून हे लिहितोय.

आधी इंजेक्शन. तारली हा मासा कुणी तळ्यात पाळत नाही. समुद्रात थवेच्या थवे जाळ्यात येतात. वीतभर मासा, तोही स्वस्तातला. एकेकीला सुई टोचत बसणार कोण आणि ते परवडणार कुणाला? मेलेला मासा तर हार्मोनने जाड होतच नाही, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं!

तारली जाड होते ती खाऊन. पावसाळ्यात ती अंडी घालते, त्यात अंगातली चरबी खर्ची पडते आणि ती चपटी होते. म्हणजे "खरी तारली चपटी" हे त्या दिवसांपुरतं खरं. पण त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्याला, विशेषतः केरळ-कर्नाटकाकडे, समुद्राच्या खोलातलं सकस पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारलीचं मुख्य खाणं तेच. मग तिचं पोट भरतं, पाठ रुंदावते. चरबी चार-पाच टक्क्यांवरून पंधराच्या वर जाऊ शकते. अशी तारली चिरून बघा, आतड्याभोवती पांढरी चरबी दिसेल. तिखल्यावर, म्हणजे माशाच्या तिखट कालवणावर, तवंग येतो तो या चरबीचाच. हॉर्नेल आणि नायडू या मत्स्य अभ्यासकांनी १९२०च्या दशकात मलबारच्या तारलीचं जीवनचक्र लिहून ठेवलंय, आणि तिकडे त्या काळी तारलीच्या तेलाचे कारखाने चालत. तेव्हा कुठली आली होती हार्मोनची इंजेक्शनं?

फॉर्मलिन म्हणजे कुजणं थांबवणारं रसायन. त्याची भीती अगदीच हवेतली नाही, २०१८मध्ये गोव्यात त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. पण त्याने मासा टिकतो, जाड होत नाही.

पोट फुटलेली तारली घेऊ नये, हेही मान्य. कारण मात्र विष नाही. भरल्या पोटाच्या माशाला वेळेवर बर्फ मिळाला नाही, की त्याचेच पाचकरस पोट पोखरतात. कल्ले लाल, डोळे स्वच्छ, पोट शाबूत असेल तर कोळणीकडून जाड तारलीच मागून घ्या.