मोठा पंखा लावून बोट जोर धरत नाही

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागली, की बचाव पथकांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो : 'माणसं भरल्यावर बोट रेटत नसेल तर जास्त पिचचा पंखा लावा, मोटर जमेल तितकी खाली बसवा, तरीही नाही भागलं तर जास्त एचपीची मोटर घ्या.' पंखा म्हणजे मोटरचा पाण्यात फिरणारा प्रोपेलर. हा सल्ला पाळू नका. त्यातला पहिला भाग तर मोटरच खातो.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात कागदोपत्री जितके इंच पुढे सरकतो ते अंतर. पिच एक इंच वाढवला की पूर्ण थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, पडतात. दहा माणसं घेतलेली बोट आधीच आरपीएम गाठत नसते. तिला मोठा पिच देणं म्हणजे पन्हाळ्याचा घाट टॉप गिअरमध्ये चढणं. इंजिन घुसमटतं, तापतं, कार्बन धरतं. म्हणून नेहमीचं वजन भरा, पूर्ण थ्रॉटल द्या, आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर बघा. आकडा मोटरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेखाली असेल तर पिच एकेक इंचाने कमी करा. मात्र रिकामी बोट परत आणताना थ्रॉटल आवरा, नाहीतर आरपीएम वरची मर्यादा ओलांडतील.

त्याआधी हब, म्हणजे पंख्याचा मधला गाभा, तपासा. इंजिन गरगरतं पण बोट सरकत नाही, तेव्हा बहुतेक वेळा पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक सरळ रेघ मारा, बोट चालवून आणा. रेघ तुटलेली दिसली तर पिच कितीही बदला, उपयोग नाही.

'जितकी खाली तितका जोर' हेही खरं नाही. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर नुसता अडथळा वाढतो. बोटीची पाठ, म्हणजे मोटर अडकवायची मागची फळी, १५ इंचांची असेल आणि तिला २० इंची लाँग शाफ्ट, म्हणजे लांब पायाची मोटर, लावली की पाय पाच इंच जादा लोंबतो, आणि बुडालेल्या शेतातलं तारेचं कुंपण तिथेच अडकतं.

एचपीची कमाल मर्यादा बोटीच्या प्लेटवर लिहिलेली असते. ती ओलांडू नका.

रबरी बोटीत हवेचा दाब किती आहे, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही, आणि खरी गोम बऱ्याचदा तिथेच असते. बोटीच्या हवा भरलेल्या मुख्य नळ्यांना साधारण ०.२५ बार (बार हे दाबाचं माप) लागतो. नेमका आकडा प्लेटवर बघा. ३५ अंशांच्या शेडमध्ये भरलेली बोट २५ अंशांच्या पुराच्या पाण्यात उतरली की सुमारे ०.०४ बार उतरतो. नळ्या मऊ पडतात, बोट मधोमध वाकते, नाक वर जातं आणि सगळा जोर पाणी ढकलण्यात जातो. पाण्यात उतरवून दहा मिनिटं थांबा, गेजने मोजा, हातपंपाने दाब पुरा करा. तेवढ्यात मोटर बंद करून पंख्याला गुंडाळलेलं उसाचं पाचट आणि जाळ्याचा नायलॉन काढा. पंख्यामागे शिरलेला नायलॉन सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑईल दुधाळ होतं. माणसं त्यानंतर बसवा, आणि वजन मागे साचू देऊ नका.